अनिश्चित काळात देवावर भरवसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक सांगून टाकतो. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही; ईश्वरविज्ञान शिकलेलो नाही. नाशकात दुय्यम निबंधक कचेरीबाहेर टेबल टाकून पस्तीसेक वर्षं दस्त लिहिले: साठेखत, खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र. आणि रविवारी उपासनेनंतर मोठ्यांचा बायबल वर्ग घेतला, तो अजून घेतो. वर्गात विचारले जाणारे प्रश्न वेगळे आणि वर्ग सुटल्यावर चपला घालता घालता हळूच विचारले जाणारे वेगळे. खाली आहेत ते बहुतेक दुसऱ्या जातीचे.

देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे 'सगळं चांगलंच होईल' असं मानायचं का?

नाही. माझ्या मते निम्मा घोटाळा इथेच होतो.

माझ्या टेबलाशी लोक यायचे, अंगठा किंवा सही करण्याआधी हमखास विचारायचे, "काका, पुढे काही लफडं नाही ना होणार?" मी सांगायचो, सातबारा बघितलाय, फेरफार बघितलेत, बोजा नाही. पण उद्या कोणता भाऊबंद कोर्टात उभा राहील ते मला दिसत नाही. तरी ते सही करायचे. भविष्य कळलं म्हणून नव्हे, समोरचा माणूस आपल्याला फसवणार नाही एवढं ठाऊक होतं म्हणून.

दानीएलाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढा. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो भट्टीसमोर उभे आहेत. ते राजाला म्हणतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि लगेच पुढे म्हणतात की त्याने नाही सोडवलं तरीही आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. आपण संडे स्कूलमध्ये ही गोष्ट सांगताना आगीत दिसलेल्या चौथ्या माणसावर इतके रमतो की हे 'नाही सोडवलं तरीही' राहूनच जातं. भरवसा निकालावर नसतो, ज्याच्या हातात निकाल आहे त्याच्यावर असतो. आगीत पडायच्या आधी त्या तिघांनाही निकाल माहीत नव्हता.

मग यात आणि 'नशिबात असेल ते होईल' यात फरक काय?

'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आपल्याकडे कुचेष्टेनेच म्हणतात, आणि बायबलही त्या खाटल्याच्या बाजूने नाही.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७. प्रेषित पौल कैदी आहे, रोमला चाललेलं जहाज वादळात सापडलंय. किती दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. पौल सगळ्यांना सांगतो की देवाने मला कळवलंय, जहाज जाईल पण एकाचाही जीव जाणार नाही. वचन पक्कं. आणि त्याच अध्यायात थोडं पुढे, खलाशी होडी सोडून गुपचूप पळायला निघतात तेव्हा हाच पौल शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्याच्या अधिकाऱ्याला, सांगतो, हे जहाजावर थांबले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही! वचन असूनही खलाशी हवेत, नांगर हवेत. शेवटी तो सगळ्यांना बळेच जेवायला लावतो, भाकर मोडून स्वतः खायला सुरुवात करतो. जहाजावर २७६ माणसं होती, हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने मोजून लिहिलंय. ती सगळी किनाऱ्याला लागली, कोणी पोहत, कोणी फळकुटाला धरून.

नशीब मानणारा हातपाय गाळतो. पौलाने उरलेलं धान्य समुद्रात टाकून जहाज हलकं करू दिलं.

विमा काढणं, औषध घेणं, बँकेत चार पैसे ठेवणं हा अविश्वास आहे का?

नाही. सैतानाने येशूला मंदिराच्या टोकावर नेलं आणि स्तोत्र ९१ चाच आधार देऊन सांगितलं, उडी टाक, देवदूत झेलतील. येशूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहणं म्हणजे भरवसा नव्हे, हे त्याचं उत्तर. पौलाने तीमथ्याला वारंवार दुखणाऱ्या पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, नुसती प्रार्थना कर असं नाही सांगितलं. हप्ता भरा, गोळी वेळेवर घ्या.

'उद्याची चिंता करू नका' हे म्हणायला ठीक आहे. सातपूरला कंपनीत कंत्राटावर आहे, सहा महिने झाले की ब्रेक म्हणून घरी बसवतात. मी चिंता करू नको तर काय करू?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी पहिल्यांदा जे उत्तर दिलं ते चुकीचं होतं. पाखरांकडे बघ, देव त्यांनाही खायला देतो, म्हणालो. तो म्हणाला, "काका, पाखरांना घरभाडं नसतं."

त्यानंतर मी मत्तयाचा सहावा अध्याय, जिथे येशूचं हे बोलणं आहे, परत, सावकाश वाचला. येशू हे कोणाला सांगतोय? पोट भरलेल्यांना नाही. रोजंदारीवरच्या लोकांना, कोळ्यांना, कराखाली पिचलेल्या गालीलकरांना. आणि शेवटचं वाक्य काय, तर आजचं दुःख आजला पुरे. म्हणजे आज दुःख आहे हे त्याने मान्य केलंय. तुझं काही दुखतच नाही असं तो म्हणत नाही. उद्याचंही आजच डोक्यावर घेऊ नकोस, एवढंच म्हणतो.

याच अध्यायात थोडं आधी त्याने शिकवलेली प्रार्थना आहे: रोजची भाकर आज दे. वर्षाची कणगी नाही मागितली. ऐकणाऱ्या यहूद्यांना यात लगेच मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, आठवला असणार. निर्गम १६ मध्ये अरण्यात रोज सकाळी मान्ना पडायचा, माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप, गोळा करायचा. कोणी भीतीपोटी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की त्यात किडे पडून घाण सुटायची. पण शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं, आणि तो नासला नाही. म्हणजे तजवीज करायला बंदी नाही. भीतीने केलेला साठा आणि सांगितलेली तजवीज यात फरक आहे.

त्या मुलाला आता मी असं सांगतो. ब्रेकचा महिना येणार हे माहीत आहे, तेव्हा त्याची तजवीज कर: दुसऱ्या कंपनीत, अंबडला, अर्ज टाकून ठेव, पीएफचा नंबर नीट जपून ठेव, चर्चच्या मंडळीत कोणाला सांगून ठेव. हे काम दिवसा, कागद-पेन घेऊन करायचं. रात्री दोन वाजता छताकडे बघत तेच पुन्हा पुन्हा मोजणं ही चिंता. तिच्याने भाडं भरलं जात नाही.

गारपिटीत द्राक्षबाग गेली. तरी 'परमेश्वराची स्तुती असो' म्हणायचं?

निफाडकडच्या एका घरचा हा प्रश्न, आणि मला उत्तर द्यायची छाती होत नव्हती. द्राक्षाचं दुखणं नाशिककराला सांगायला नको. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग फवारण्यांवर फवारण्या, थंडीत घड सांभाळायचे, आणि मणी साखरेला आले की एका संध्याकाळी आभाळ काळं होतं. मी त्यांच्या बागेत उभा राहिलो होतो. तडकलेल्या मण्यांमधून रस गळत होता, पायाखाली पानांचा लगदा, आणि सगळीकडे आंबूस वास. घरमालक एकेक घड उलटा करून बघत होता, जणू एखादा वाचला असेल. कर्जाचा आकडा त्याने सांगितला नाही, मी विचारला नाही.

हबक्कूक हे तीन अध्यायांचं छोटं पुस्तक आहे. शेवटी ती प्रसिद्ध वचनं येतात: अंजिराला कळी नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे कष्ट वाया, शेतात अन्न नाही, मेंढवाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आपण थेट तिथे उडी मारतो आणि दुःखात असलेल्याच्या तोंडावर ते वचन मारतो. पण पुस्तकाची सुरुवात पाहा. हे परमेश्वरा, मी किती काळ ओरडू, तू ऐकतच नाहीस! पहिल्या अध्यायात तो भांडतो. दुसऱ्यात बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट बघतो. 'तरी'वर तो तिसऱ्या अध्यायात, शेवटी पोहोचतो.

आणि यादी बघा. एकेक पीक, एकेक जनावर नावाने मोजलंय. हा नुकसानीचा पंचनामा आहे. हबक्कूक नुकसान लपवत नाही, कमी लिहीत नाही. त्यामुळे बाग गेलेल्या माणसाला माझं सांगणं एवढंच की तुम्ही सध्या पहिल्या अध्यायात आहात, तिथेच असा. तिसरा अध्याय कोणी तुमच्यावर लादू नये. आणि तलाठ्याकडचा पंचनामाही वेळेत करून घ्या.

कांद्याचंही तेच. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली आणि लासलगावला भाव कोसळले, तेव्हा आमच्या वर्गात महिनाभर दुसरा विषय नव्हता. पीक चांगलं येऊनही माणूस बुडू शकतो, हे तर हबक्कूकच्या यादीतही नाही.

देवावर रागावणं पाप आहे का?

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातला मोठा भाग गाऱ्हाण्यांचा आहे. स्तोत्र १३ मध्ये 'किती काळ' हा सवाल चार वेळा आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. तेही पवित्र शास्त्रातच ठेवलंय, कोणी काढून टाकलं नाही. नाशिककर पुराचं माप गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतो, आज गुडघ्याला लागलं, आज छातीला आलं. स्तोत्र ६९ ची सुरुवात अगदी तशीच आहे: पाणी गळ्याशी आलंय, पाय टेकायला जागा नाही.

संकटांत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन फार शहाणपणाचं बोलले, आणि ईयोब देवाशी भांडला. शेवटच्या अध्यायात देव मित्रांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. ज्याच्याशी नातं आहे त्याच्यावरच माणूस रागावतो. नातं तुटलं की बोलणंच बंद होतं.

भिंतीवर यिर्मया २९:११ लावलंय, 'तुमच्या हिताचे संकल्प'. मग आमच्या बाबतीत ते कधी खरं होणार?

नाशकात किती घरांत ते वचन फ्रेम करून लावलंय याची गणती नाही. वचन खरंच आहे. पण एक ओळ आधीही वाचा, दहावी. तिथे सत्तर वर्षं म्हटलंय. यिर्मया संदेष्ट्याने हे पत्र बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलं. 'लवकरच सुटाल' असं सांगणारे संदेष्टे तिथे होतेच, आणि यिर्मया त्यांना खोटे म्हणतो. तो सांगतो, घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परतीचा दिवस न बघताच गेले असणार. हे वचन पुढच्या आठवड्याच्या इंटरव्ह्यूचा निकाल सांगत नाही.

पण मला यिर्मयाचा २९ पेक्षा ३२ वा अध्याय जास्त आवडतो. माझ्या धंद्याचा अध्याय आहे तो.

बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलाय. सिद्कीया राजाचं दहावं वर्ष. शहर पडणार हे यिर्मया सगळ्यांना सांगत सुटलाय म्हणून तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे, पहिला हक्क तुझा आहे. अनाथोथ शहराबाहेर, हाकेच्या अंतरावर, म्हणजे शत्रूचा तळ पडलेल्या मुलखात! असली जमीन माझ्या टेबलाशी आली असती तर मी गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन सांगितलं असतं, "भाऊ, पैसे घालवायचेत का?"

यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी, आजच्या मापाने जेमतेम दोनशे ग्रॅम, तराजूत तोलून देतो. खरेदीखत लिहितो. त्यावर साक्षीदारांच्या सह्या होतात. दस्ताच्या दोन प्रती, एक मोहरबंद आणि एक उघडी. आपल्याकडे मूळ दस्त आणि नक्कल असते तसंच. दोन्ही प्रती बारूख नावाच्या त्याच्या लेखनिकाच्या हाती देतो आणि मातीच्या भांड्यात घालून ठेवायला सांगतो, पुष्कळ काळ टिकाव्यात म्हणून. कारण देवाने सांगितलंय, या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

पस्तीस वर्षांत मी कितीतरी दस्त लिहिले, पण बायबलमधला हा व्यवहार इतका तपशीलवार का लिहिलाय हे मला साठीनंतर कळलं. यिर्मया भाषण देत नाही. रक्कम मोजतो, साक्षीदार बोलावतो. आणि व्यवहार उरकल्यावर, म्हणजे पैसे गेल्यावर, प्रार्थनेला बसतो आणि देवाला विचारतो की शहर तर शत्रूच्या हाती गेलंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस, हे काय? शंका सहीनंतर आली. सही केली म्हणून शंका विचारायची नाही असंही नाही.

त्या शेतात त्याने कधी नांगर धरला असं बायबल कुठे सांगत नाही. पुढे लोक त्याला मिसरात घेऊन गेले. दस्त भांड्यात राहिला.

आजाऱ्याला भेटायला जातो तेव्हा काय बोलावं?

कमी बोलावं. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं आणि बिघडलं.

'देवाची काहीतरी योजना असेल', 'देव आपल्या माणसांचीच परीक्षा घेतो', 'तुम्ही विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल', ही वाक्यं कॉटशेजारी नकोत. त्यापेक्षा डबा न्या, नातेवाइकाला चार तास घरी झोपायला पाठवून तुम्ही बसा, औषधांची चिठ्ठी घेऊन मेडिकलला जा. प्रार्थना विचारून करा आणि छोटी करा. सलाईन लावलेल्या माणसाला पंधरा मिनिटांची प्रार्थना झेपत नाही.

एका सभेत सांगितलं की माझा विश्वास कमी पडला म्हणून मी बरी झाले नाही. खरंय का?

खोटं आहे. हे मी पाळक नसलो तरी छातीवर हात ठेवून सांगतो.

मार्क ९ मधला बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास काढून टाक. एका श्वासात दोन्ही. येशूने त्याला आधी पूर्ण विश्वास घेऊन ये असं सांगून परत नाही पाठवलं, मुलगा बरा केला. उलट पौलाचा विश्वास काय कमी होता? त्याने शरीरातला काटा काढण्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा राहिला. उत्तर मिळालं ते असं की माझी कृपा तुला पुरे. आंधळा कोणाच्या पापामुळे जन्मला असं शिष्यांनी विचारलं तेव्हा येशूने तो प्रश्नच मोडीत काढला.

बरं करणं देवाच्या हाती आहे, मी ते नाकारत नाही. पण बरं होणं हे विश्वासाचं मार्कशीट नव्हे. आणि 'गोळ्या बंद करा' किंवा 'अमुक रकमेचं बीज पेरा', म्हणजे तेवढी देणगी द्या, असं कोणी स्टेजवरून सांगितलं, तर तिथून उठून या. ज्या ताईंनी हे विचारलं त्यांच्या शुगरच्या गोळ्या तीन आठवडे बंद होत्या. मला आधी राग आला आणि मग भीती वाटली.

बाळ येशूला नवस बोलणं भरवशात बसतं का?

नाशिकरोडच्या बाळ येशू देवालयात फेब्रुवारीच्या यात्रेला मुंबई-गोव्याहून माणसं येतात, सगळ्या धर्मांची येतात. मी प्रोटेस्टंट घरातला, आमच्याकडे ही रीत नाही, पण मेणबत्ती हातात धरून रांगेत उभ्या असलेल्या आईला शिकवायला जाण्याइतका मी मोठा नाही. एवढंच म्हणेन: हन्नाने मुलासाठी नवस केला होता, पहिल्या शमुवेलात आहे. नवस देवाशी सौदा झाला, 'तू हे दे तर मी ते देईन, नाही दिलंस तर बघ', की तो भरवसा उरत नाही. कॅथलिक फादरही हेच सांगतात.

मन पार खचलंय. जगावंसं वाटत नाही. हा विश्वासाचा पराभव आहे का?

नाही. आणि हे वाचताना तुमच्या मनात जीव द्यायचा विचार असेल तर पुढचं नंतर वाचा. आधी जवळच्या कोणाला तरी सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

एलीया हा केवढा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर आग उतरवली, आणि लगेच पुढच्या अध्यायात झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला रागावलं नाही, प्रवचन दिलं नाही. आधी झोपू दिलं. मग देवदूताने उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा जेवू घातलं. बोलणं नंतर, डोंगरावर पोहोचल्यावर.

झोप, जेवण, डॉक्टर. गरज पडली तर मनाच्या डॉक्टरांकडेही जायचं, जसं आपण हाडाच्या डॉक्टरांकडे जातो. मंडळीत कोणी कुजबुजलं तर कुजबुजू द्या.

बायबलमधली झाली. आपल्या नाशिकमधलं कोणी आहे का?

शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात, पण त्या नावाकडे कोणी बघत नाही. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ही वसाहत वसवली. घरातून, जातीतून बाहेर पडलेल्यांना आसरा मिळावा म्हणून. तिथे आणखीही कोणी आलं. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात, त्यातली बरीचशी शरणपूरला आली. आईबाप नाहीत, गाव नाही, भाषा नाही. इथे ती शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली.

त्यातला एक जेकब वेनराइट. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मे १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आत मेले तेव्हा हा तरुण त्यांच्या ताफ्यात होता. त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, दफनविधीची प्रार्थना नाशिकला शिकलेल्या जेकबने वाचली. मग देह घेऊन दीड हजार किलोमीटरहून जास्त पायपीट करत ताफा समुद्रापर्यंत पोहोचला. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत ज्यांनी शवपेटीला हात लावला त्यांत तो होता. शरणपूरची बरीच आफ्रिकन माणसं पुढे १८७५ च्या सुमारास मोम्बासाजवळच्या फ्रेअरटाउनला गेली. ज्या किनाऱ्यावरून पकडून नेलं त्याच किनाऱ्यावर, आपल्या मर्जीने.

दुसरं नाव लक्ष्मीबाई टिळकांचं, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८९५ मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, बायकोला आधी न सांगता. बाईंवर आभाळ कोसळलं. वर्षानुवर्षं वेगळ्या राहिल्या, सोवळं सांभाळलं, मग हळूहळू, आपल्या पावलाने त्या या विश्वासात आल्या. नवऱ्याने ओढून नव्हे. ज्यांच्या घरात एकच जण विश्वासात आहे आणि दुसऱ्याला घाई लावली जातेय, त्यांना मी नेहमी ही वर्षं मोजायला सांगतो.

तुमचा स्वतःचा भरवसा कधी डळमळला का?

एप्रिल २०२१. माझा धाकटा भाऊ दवाखान्यात, आम्हाला आत सोडत नव्हते. मी रिकामा सिलिंडर भरून घ्यायला शहरभर फिरत होतो. अकरा दिवस मला प्रार्थना करता आली नाही. डोळे मिटले की फक्त ऑक्सिजनचा आकडा दिसायचा.

आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त नर्सबाई रोज रात्री नऊ वाजता फोन करायच्या. 'हॅलो' नाही, काही नाही. एक स्तोत्र वाचायच्या, 'आमेन' म्हणायच्या, मग विचारायच्या, "जेवलात का?" मी हो म्हणालो की फोन ठेवायच्या. नाही म्हणालो तर म्हणायच्या, "आधी जेवा, मी दहा मिनिटांनी परत करते." आणि करायच्या. बाराव्या दिवशी भाऊ गेला. त्या रात्रीही फोन आला. त्यांनी स्तोत्र ८८ वाचलं, ते अंधारातलं. त्या रात्री दुसरं कुठलंही मला सहन झालं नसतं, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

नंतर केव्हातरी निर्गम १७ वाचताना थबकलो. अमालेक्यांशी लढाई चालू आहे, मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएल जिंकतंय, हात खाली आले की हरतंय. मोशे थकतो. मग त्याला धोंड्यावर बसवतात, एका बाजूने अहरोन आणि दुसऱ्या बाजूने हूर त्याचे हात धरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत हात स्थिर राहतात. आमच्या एका पाळकसाहेबांनी सांगितलं की मूळ इब्रीत या 'स्थिर'साठी जो 'एमूना' शब्द आहे, तोच इतर ठिकाणी विश्वास, विश्वासूपणा या अर्थाने येतो. म्हणजे त्या दिवशी मोशेचा एमूना दुसऱ्या दोघांच्या हातांत होता. अकरा दिवस माझा कोणाच्या हातात होता ते मला माहीत आहे.

प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत. काय करू?

सुचवू नका. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहे, आपल्याला नीट मागता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः कण्हत आपल्यासाठी विनंती करतो. कण्हण्याला व्याकरण नसतं.

तरी हाताशी काही हवं असेल तर प्रभूची प्रार्थना आहे. ना. वा. टिळकांचं एखादं भजन पाठ असेल तर तेच गुणगुणा. नाहीतर स्तोत्र १३ मोठ्याने वाचा, घरात कोणी ऐकलं तरी चालेल. सहाच वचनं आहेत. गॅसवर चहा ठेवून वाचायला घेतलं तर उकळी येण्याआधी संपतं.